वाटेत काहीतरी झालं असेल

हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी वायरलेसचा, जुना सेट विकणं हे जुनी स्कूटर विकण्यासारखं नाही. स्कूटर घेणारा दाराशी येतो, किक मारतो, एक फेरी मारून येतो आणि मग घासाघीस करतो. सेट घेणारा बहुधा दुसऱ्याच राज्यात असतो. वायरलेसचा परवाना असलेल्यालाच तो घेता येतो. असे परवानाधारक देशभर विखुरलेले, आणि गोव्यासारख्या लहान राज्यात तर मोजकेच. त्यामुळे फोटो बघून, फोनवर बोलून, पैसे आधी पाठवून सौदा होतो. पेडण्याहून निघालेला खोका काही दिवसांनी गुवाहाटीत नाहीतर कोट्टायममध्ये उघडतो. उघडल्यावर सेट बोलला नाही, तर विकणाऱ्याकडे एक वाक्य तयार असतं: वाटेत काहीतरी झालं असेल.

हे वाक्य पुष्कळदा खरं असतं. पण ज्याला आधीचा बिघाड लपवायचा आहे त्याच्याही ते तितकंच उपयोगी पडतं, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हींतला फरक कळत नाही. जुन्या सेटच्या व्यवहारातला सगळा खरेपणा या जागी येऊन तपासला जातो असं मला वाटतं. म्हणून त्यातल्या दोन बाजू इथे दोन माणसांच्या तोंडी घातल्या आहेत. एक डिचोलीचे, पासष्टी ओलांडलेले, व्हॉल्व्हच्या काळात हात बसलेले. दुसरा पेडण्याचा, पस्तिशीचा. जुने सेट घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि कुरिअरने धाडायचे हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. दोघांसमोर प्रश्न एकाच सेटचा आहे. साखळीकडचे एक जुने हॅम वारले. अशा माणसाला ही मंडळी ‘सायलेंट की’ म्हणतात, म्हणजे ज्याची मोर्सची किल्ली शांत झाली तो. मागे पत्नी आहे, मुलगा परदेशात. खोलीत केनवूडचा टीएस-५२०एस आहे: सत्तरच्या दशकातला, सोळा किलोच्या आसपास वजनाचा, आत मोठा ट्रान्सफॉर्मर आणि शेवटच्या टप्प्याला दोन व्हॉल्व्ह. बाईंनी सांगितलंय, तुम्हीच काय ते बघा.

पेडणे — काका, जाहिरात लिहिली. ऐका. ‘केनवूड टीएस-५२०एस, उत्तम चालू स्थितीत, गोव्यातल्या ज्येष्ठ हॅमने जपून वापरलेला, पस्तीस हजार, कुरिअर वेगळा.’ सोबत चार फोटो. आठवड्याभरात जाईल.

डिचोली — उत्तम चालू स्थितीत, हे कशावरून?

पेडणे — लावून बघितला ना. डायल पेटली, चाळीस मीटरवर सकाळचं नेट ऐकू आलं. मी बोललोसुद्धा. हुबळीच्या स्टेशनने ५-९ दिला, स्पष्ट आणि जोरात.

डिचोली — तो एक बँड झाला. बाकीच्यांचं काय? अँटेनाऐवजी डमी लोडवर लावलास?

पेडणे — लावला. ऐंशी, चाळीस, वीस मीटरला ऐंशी-नव्वद वॅट आरामात. पंधराला थोडी कमी. दहा मीटरला मात्र पस्तीसच्या वर जात नाही. प्लेट आणि लोडचे नॉब किती फिरवले तरी तेवढीच.

डिचोली — आणि हे जाहिरातीत कुठे आहे?

पेडणे — काका, व्हॉल्व्हच्या सेटला दहा मीटरवर पॉवर कमीच मिळते. तुम्हीच शिकवलंय.

डिचोली — थोडी कमी मिळते. निम्म्याच्या खाली नाही जात. एखादी व्हॉल्व्ह थकली असेल, न्यूट्रलायझेशन हललं असेल, नाहीतर बँडस्विचचे कॉन्टॅक्ट काळे पडले असतील. साखळीच्या पावसात इतकी वर्षं उभा आहे तो सेट. कारण काय ते मला आत्ता सांगता येणार नाही. पण काहीतरी आहे, हे तुलाही कळलंय आणि मलाही.

पेडणे — मान्य. पण दहा मीटर किती जण वापरतात? घेणारा चाळीसवरच बसणार. त्याला कधी कळायचंही नाही.

इथे मी जरा थांबतो, कारण ‘कळायचंही नाही’ हे जितकं वाटतं त्याहून अधिक खरं आहे. अठ्ठावीस मेगाहर्ट्झचा हा दहा मीटरचा बँड सूर्याच्या लहरीवर चालतो. साधारण अकरा वर्षांच्या चक्रात सूर्यावरचे डाग वाढले की आयनावरण दाट होतं आणि चाळीस-पन्नास वॅटवर युरोप, जपान सहज हाताला लागतात. डाग ओसरले की तोच बँड महिनोन्‌महिने मुका पडतो. पंचविसावं सौरचक्र २०२४च्या सुमाराला शिखरावर होतं. इथून पुढे उतार आहे. म्हणजे हा दोष झाकून सेट विकला, तर घेणाऱ्याला तो कदाचित पुढच्या चढापर्यंत उमगणार नाही. तोवर ना जाहिरात कुणाच्या लक्षात राहील, ना विकणारा. जो दोष आठ दिवसांत उघडकीला येतो तो सांगण्यात हिशेबही असतो, कारण तो झाकून उपयोग नाही. दहा वर्षांनी कळणारा दोष जो आज सांगतो, त्याला मी प्रामाणिक म्हणेन.

डिचोली — कळणार नाही म्हणूनच सांगायचं. बँड तापलेला असताना सेट घेणारा एखादा नवा मुलगा दहा मीटरवर हाका मारत बसेल. उत्तर आलं नाही की त्याला वाटेल, आपली अँटेनाच वाईट. तारा कापेल, जोडेल, वर्ष घालवेल. स्वतःवर शंका घेईल रे तो.

पेडणे — आणि आपण खरं लिहिलं की काय होतं ते मी सांगतो. त्याच जाहिरातींत दुसरा कुणीतरी ‘अगदी नव्यासारखा’ म्हणून लिहितो. त्याचा पस्तीसला जातो. आपला सत्तावीसलाही कुणी विचारत नाही. आठ हजार गेले. कुणाचे गेले? तुमचे नाही, माझे नाही. काकूंचे गेले. दुसऱ्याच्या पैशाने हरिश्चंद्र होणं सोपं असतं, काका.

डिचोलीकर यावर लगेच काही बोलत नाहीत, आणि त्यांनी लगेच बोलू नये असंच मला वाटतं. हा आक्षेप खरा आहे. स्वतःचा सेट विकताना नुकसान सोसणं वेगळं, दुसऱ्याचा विकून देताना सोसणं वेगळं. मध्यस्थाचं पहिलं कर्तव्य ज्याच्या वतीने विकतो त्याच्याशी असतं, असं म्हणणाऱ्याला उडवून लावता येत नाही.

डिचोली — बरं, वहिनींचेच पैसे धरू. पस्तीसला विकलास. खोका उघडला, त्याने मीटर लावला, दहा मीटरवर पस्तीस वॅट. तो म्हणाला, परत घ्या. सोळा किलोचा सेट, पॅकिंग धरून वीसच्या वर वजन, येण्याजाण्याचं भाडं. हे कुणाच्या खिशातून?

पेडणे — तेव्हा म्हणायचं, वाटेत काहीतरी झालं असेल.

डिचोली — म्हणशील?

पेडणे — मी नाही म्हणणार. पण म्हणणारे आहेत.

डिचोली — मग म्हणायची वेळच येऊ देऊ नये.

पेडणे — ठीक आहे. पण कायदा काय म्हणतो तेही बघा. घेणाऱ्याने पारखून घ्यावं, हे आपल्या मालविक्रीच्या कायद्यातही आहे. आणि गप्प बसणं म्हणजे फसवणूक नव्हे.

डिचोली — पुढचं वाचलंस का?

हे पुढचं खरंच वाचण्यासारखं आहे. १८७२च्या भारतीय करार कायद्याच्या सतराव्या कलमात फसवणूक म्हणजे काय ते सांगताना एका घोड्याची उदाहरणं दिली आहेत. ‘अ’ला ठाऊक आहे की घोडा सदोष आहे, लिलावात तो ‘ब’ला विकतो आणि काही बोलत नाही. ही फसवणूक नाही. पण ‘ब’ ही ‘अ’ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळेच सांगण्याची जबाबदारी येते. आणि ‘ब’ जर म्हणाला, तुम्ही नाही म्हटलं नाहीत तर मी घोडा धड आहे असं धरून चालेन, तर त्यानंतरचं गप्प राहणं हे बोलल्यासारखंच. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या घोड्याच्या जागी सेट ठेवून पाहावा. जुना सेट घेणारा प्रत्येक जण फोन ठेवण्याआधी एक वाक्य हमखास बोलतो: बाकी काही प्रॉब्लेम नाही ना? तिथून पुढे विकणाऱ्याला गप्प राहण्याची मुभा कायद्यानेही उरत नाही.

डिचोली — आणि ती मुलीची गोष्ट. आपल्यातला घेणारा परका नसतो. उद्या तो चाळीस मीटरवर तुझ्या शेजारी येऊन बसणार. तुझा कॉलसाइन त्याला माहीत आहे, त्याचा तुला. पूर किंवा भूकंप आला तर त्याच सेटवरून तुझा निरोप पुढे जायचा आहे. २००४च्या डिसेंबरात अंदमानला भारती प्रसाद आणि त्यांचे साथीदार हौसेखातर स्टेशन लावून बसले होते, आणि सव्वीस तारखेला त्सुनामी आली. फोन गेले, आणि त्यांच्याच सेटवरून बेटांची खबर बाहेर पोचली. तेव्हा ज्याच्या हातात सेट असेल त्याला त्याची ताकद नेमकी माहीत हवी. दहा मीटर अर्धवट आहे हे ठाऊक असेल तर तो वीसवर जाईल. ठाऊकच नसेल तर?

पेडणे — बरं, दहा मीटर लिहितो. आणखी काय?

डिचोली — वहिनींना विचारलंस?

पेडणे — त्यांना सेटमधलं काय कळणार?

डिचोली — सेटमधलं नाही कळणार. घरातलं कळतं.

त्यांनी विचारलं. बाईंनी सांगितलं की दोन वर्षांपूर्वी मेअखेरीस जवळच्या माडावर वीज पडली होती. टीव्ही गेला, फोनची पेटी जळली. सेट बंद होता. पण अँटेनाची वायर काढलेली होती की नाही, ते त्यांना आठवत नाही. ही माहिती कुठल्याही मीटरने दिली नसती. गोव्यात मेअखेर आणि ऑक्टोबर हे विजांचे दिवस. माडावरून माडावर ताणलेली वीस मीटरची तार वीज थेट अंगावर पडली नाही तरी जवळच्या लोळाचा धक्का घेते. अशा वेळी पॉवर तशीच राहते आणि सेटचे कान मात्र बसतात: मोठी स्टेशनं ऐकू येतात, बारीक येत नाहीत. म्हणून ५-९ मिळाला यावर रिसीव्हर ठणठणीत आहे असं ठरत नाही. त्याच अँटेनावर दुसरा चांगला सेट लावायचा, त्याच क्षणी, त्याच स्टेशनवर, आणि दोन्ही आलटून पालटून ऐकायचे. पेडणेकराने ते केलं. वीस मीटरपर्यंत काही फरक नाही. पंधरावर किंचित, दहावर स्पष्ट.

आणखी एक गोष्ट मला बोचते. अलीकडे जाहिरातींत ‘टेस्ट केलेला नाही, आहे तसा’ हे शब्द फार दिसतात. घरच्यांनी दिलेला सेट, वायर सापडत नाही, मला व्हॉल्व्हमधलं कळत नाही. कधी ते खरंही असतं. पण ज्याच्या टेबलावर मीटर आणि डमी लोड आहे, ज्याचे हात रोज सोल्डरिंग गनवर आहेत, त्याने ‘टेस्ट केलेला नाही’ लिहिलं तर त्याने बहुधा टेस्ट केलेला असतो. नाहीतर जे दिसेल ते लिहावं लागेल म्हणून मुद्दाम केलेला नसतो. तपासू शकत असून न तपासणं ही खोट्याचीच एक जात आहे, आणि तिच्यावर कुणी बोट ठेवू शकत नाही म्हणून ती जास्त पसरली आहे.

पेडणे — झालं सगळं? आता पाठवायचं बोलू.

डिचोली — पाठवायचं नाही. ज्याला हवा त्याने यावं. साखळीला यावं, चहा घ्यावा, चार तास सेट वाजवावा, घेऊन जावं. मी आजवर असेच विकलेत.

पेडणे — कुणाला विकलेत, काका?

डिचोली — पुण्याचे दोघे. एक बेळगावचा. एक मुंबईहून आला होता, गाडी घेऊन.

पेडणे — गाडी घेऊन. म्हणजे ज्याच्याकडे गाडी आहे, दोन दिवसांची रजा आहे, पेट्रोलचे पैसे आहेत, त्यालाच. सिलचरचा कॉलेजचा मुलगा, ज्याने परीक्षा दिली, व्हीयू३चा परवाना काढला आणि सेटसाठी पै-पै जमवली, त्याने काय करायचं? तुमच्या नियमाने तो सेट कधीच त्याच्यापर्यंत पोचणार नाही. तुमचा नियम तुम्हाला सांभाळतो, काका, त्याला नाही.

या ठिकाणी मी पेडण्याच्या बाजूचा आहे. हातोहात विकण्याचा आग्रह दिसायला फार सचोटीचा दिसतो. पण त्यात विकणारा सगळी जोखीम घेणाऱ्याच्या प्रवासावर टाकून मोकळा होतो. हा छंद या देशात ज्यांनी वाढवला त्यांनी तो दूरच्या माणसापर्यंत पोचवण्याची धडपड केली. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या भंगारात निघालेले सेट मिळवून एका पिढीने आपली स्टेशनं उभी केली. पुढे हैदराबादच्या अशहर फरहान यांनी ‘बिटएक्स’ नावाचा सेट असा आखला की कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतील ते सुटे भाग चालावेत. त्यात कॉइल गुंडाळायला नळाच्या वॉशरचासुद्धा उपयोग केला. जगभरच्या हॅमनी तो घरी बांधला. हे सगळं करणाऱ्यांनी, ज्याला हवं त्याने यावं, असं म्हटलं नाही. तेव्हा सेट पाठवायला हवा. मात्र पाठवणं हेही एक काम आहे आणि ते सेट तपासण्याइतक्याच मनाने करावं लागतं. त्यातलं डिचोलीकरांना फारसं येत नाही, पेडणेकराला येतं.

डिचोली — सोळा किलो, त्यातला बराचसा एका कोपऱ्यात, ट्रान्सफॉर्मरमध्ये. खोका एकदा कोपऱ्यावर आपटला की चॅसिस वाकली.

पेडणे — म्हणून तर आधी ट्रान्सफॉर्मरचे बोल्ट बघायचे. इतक्या वर्षांत सैल झालेले असतात. घट्ट करायचे. मग दोन्ही व्हॉल्व्ह काढायच्या. प्लग काढल्यावरसुद्धा आत आठशेच्या आसपास व्होल्ट बसलेले असू शकतात. कपॅसिटर डिस्चार्ज केल्याशिवाय हात घालायचा नाही. प्रत्येक व्हॉल्व्ह वेगळी गुंडाळून आपल्या डबीत, आणि डबीवर कुठल्या सॉकेटमधली ते लिहायचं. मायक्रोफोन, वायर, मॅन्युअल हे सेटच्या खोक्यात सुटं ठेवायचंच नाही. निम्म्या डायली कुरिअरवाला फोडत नाही, आतला माइकच फोडतो.

डिचोली — आणि ट्यूनिंगचा नॉब?

पेडणे — ती सगळ्यांत नाजूक जागा. खोका तोंडावर पडला की सगळं वजन त्या दांड्यावर येतं, आणि आतला फ्रिक्वेन्सी ठरवणारा व्हीएफओ हलतो. म्हणून पॅनेलसमोर जाड फोमचा तुकडा, नॉबच्या जागी भोक पाडून. म्हणजे वजन पॅनेलच्या कडांवर जातं, नॉब मधे मोकळा राहतो. सेट आधी प्लास्टिकमध्ये, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. मग पहिला खोका. त्याच्या सहाही बाजूंना तीन बोटं फोम सोडून दुसरा खोका. वर्तमानपत्राचे बोळे नाहीत. ते दोन ठिकाणी उतरवेपर्यंत दबून जातात आणि सेट आत खेळायला लागतो. थर्माकोल एका धक्क्यात तुटतो. सगळं बांधून झालं की खोका कमरेएवढ्या उंचीवरून मी स्वतः सोडतो, गादीवर नाही, जमिनीवर.

डिचोली — हा सेट सोडशील?

पेडणे — हा आधी त्याच वजनाच्या विटा भरून सोडीन. विटांसोबत एक काचेचा ग्लास. ग्लास शाबूत राहिला तरच सेट आत जाईल.

डिचोली — जून लागला की?

पेडणे — पावसाळ्यात व्हॉल्व्हचा सेट पाठवत नाही. खोका कुठल्यातरी गोदामात, कुठल्यातरी ताडपत्रीखाली दोन दिवस पडला की संपलं. ऑक्टोबरनंतर पाठवू. घेणाऱ्याला थांबायला सांगायचं, आणि का ते सांगायचं.

डिचोली — बाहेर काय लिहितोस? परवा एक जण म्हणत होता, तो ‘ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायर’ लिहितो. ट्रान्समीटर म्हटलं की काउंटरवर शंभर प्रश्न.

पेडणे — बरेच तसं लिहितात. किंमतही पाचशे रुपये लिहितात, म्हणजे विम्याचे वाचतात. मग काही झालं की त्या पाचशेच्या पावतीवर पस्तीस हजार मागायला जातात. मी ‘वापरलेला अ‍ॅमॅच्युअर रेडिओ ट्रान्सीव्हर’ असंच लिहितो, खरी किंमत, आणि दोघांच्या परवान्याची प्रत चिकटवतो. एक-दोन ठिकाणी नाही म्हणतात. तिसरीकडे घेतात.

हे ऐकून डिचोलीकर त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतात, आणि त्याचं कारण मला समजतं. जाहिरातीत ‘उत्तम’ लिहायला तयार असलेला हाच माणूस काउंटरवर एक शब्द खोटा लिहीत नाही. प्रामाणिकपणा माणसात असा तुकड्यातुकड्यांनी असतो. ज्या टप्प्यावर आपला हात बसला आहे तिथे आपण चोख असतो आणि ज्या टप्प्याची किंमत भरावी लागते तिथे ढिले पडतो. वाहतुकीच्या बाबतीत तर खरं लिहिण्याला व्यवहाराचंही बळ आहे. रस्त्याने मालवाहतुकीच्या २००७च्या कायद्याखाली आणि त्याच्या नियमांखाली, मालाची जास्त किंमत आधी लिहून देऊन त्याचा दर भरला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती असते. हजार रुपये भाडं असेल तर दहा हजार. पस्तीस हजारांच्या सेटला ते पुरत नाही. १९३०चा मालविक्री कायदाही विकणाऱ्याला सहजासहजी सोडत नाही. माल वाहतूकदाराच्या हाती दिला म्हणजे वरवर पाहता घेणाऱ्याला पोचला, असं तो धरतो खरा. पण मालाचं स्वरूप पाहून विकणाऱ्याने वाहतुकीचा करार नीट केला नसेल, आणि वाटेत माल बिघडला, तर घेणारा ते पोचणं नाकारू शकतो. थोडक्यात, पाचशेची पावती करून पाठवणाऱ्याला ‘वाटेत काहीतरी झालं’ हे वाक्य कायद्याच्याही दारात टिकत नाही.

डिचोली — परवान्याचं एक राहिलं. आधी परवान्याची प्रत मागवायची, मग किंमत बोलायची. दोन पैसे जास्त देतो म्हणून परवाना नसलेल्याला नाही द्यायचा. २०२५मध्ये ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या वॉकीटॉकींवरून ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कंपन्यांना नोटिसा काढल्या, ते विसरू नकोस. आणि वहिनींकडेही तो फार दिवस राहू नये. परवाना त्यांच्या यजमानांचा होता.

पेडणे — त्याबाबत दुमत नाही. आता व्हिडिओचं. पॅक करण्याआधी एकाच तुकड्यात, न कापता: सीरियल नंबर, प्रत्येक बँडवरची पॉवर मीटरसकट, मग व्हॉल्व्ह काढताना, मग खोका बंद होईपर्यंत. त्यानेही तसाच काढायचा, खोक्याची पट्टी कापण्यापासून. कारण घेणाराही लबाड असू शकतो. आपल्या चांगल्या व्हॉल्व्ह काढून घेऊन त्याच्या मेलेल्या घालून परत पाठवणारे आहेत.

डिचोली — विश्वासाच्या माणसाला व्हिडिओ मागायचा?

पेडणे — विश्वासाच्या माणसाला तर आधी. उद्या खरोखरच वाटेत काही झालं, तर त्याच्यावर शंका घ्यायची वेळ येणार नाही, आणि त्याला माझ्यावर.

या दोन वाक्यांत पेडणेकराने सगळ्या वादाचं मर्म सांगितलं आहे. दोष आधी लिहिले, सेट चालताना दाखवला, नंबर दाखवला, खोका जमिनीवर सोडून बघितला, बाहेर खरं नाव आणि खरी किंमत लिहिली, की वाटेवर जे काही होईल ते फक्त वाटेवरचंच उरतं. तिथे काही लपवायला जागा राहत नाही, ना विकणाऱ्याला, ना घेणाऱ्याला. वर्णन एक आणि पॅकिंग दुसरं, असे दोन वेगळे प्रामाणिकपणे नाहीतच. आपण लिहिलेलं वाक्य पलीकडे खोका उघडेपर्यंत खरं राहील याची तजवीज म्हणजे पॅकिंग.

पेडणे — तर मग अशी लिहू? ‘केनवूड टीएस-५२०एस. दिवंगत हॅमच्या कुटुंबातर्फे. ऐंशी ते वीस मीटर ऐंशी-नव्वद वॅट, रिसीव्हर चांगला. पंधरा मीटरला पॉवर थोडी कमी. दहा मीटरला पस्तीस वॅट आणि रिसीव्हर स्पष्ट कमी. कारण शोधलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी घराजवळ वीज पडली होती. तेव्हा अँटेना जोडलेली होती का ते माहीत नाही. अठ्ठावीस हजार. ऑक्टोबरनंतर पाठवू, किंवा साखळीला येऊन वाजवून घ्या. परवान्याची प्रत आवश्यक.’

डिचोली — पैसे?

पेडणे — माझ्याकडे राहतील. त्याने आठ दिवसांत सगळे बँड डमी लोडवर तपासून कळवलं की काकूंना देईन. त्याआधी नाही.

डिचोली — आणि एवढं करून व्हॉल्व्ह फुटलीच, विम्यानेही हात वर केले, तर?

पेडणे — निम्मं निम्मं. पाठवा असं त्याने म्हटलं, तर थोडी जोखीम त्याचीही.

डिचोली — नाही. लिहिलेल्यापेक्षा वेगळा सेट त्याच्या हातात पडला तर पूर्ण पैसे परत.

पेडणे — काकूंकडून?

डिचोली — वहिनींकडून नाही. विकायचं काम आपण घेतलंय. निम्मे तुझे, निम्मे माझे.

पेडणे — मला पटत नाही, काका. पुढच्या सेटला मी हे मान्य करणार नाही.

डिचोली — पुढच्याचं पुढे बघू. या जाहिरातीत तेवढी ओळ घाल.